तात्पुरते म्हणजे किती वर्षे?



बेकारीचे प्रकार सांगताना अर्थशास्त्राची पुस्तके एका प्रकारावर फारसा वेळ घालवत नाहीत. एक उद्योग मागे पडतो, दुसरा पुढे येतो, पहिल्यातली माणसे दुसऱ्यात जायला थोडा अवधी लागतो आणि तेवढा काळ ती कामाविना राहतात. मंदीतली बेकारी किंवा शेतीतली छुपी बेकारी यांच्या मानाने ही सौम्य समजली जाते, कारण ती तात्पुरती असते असे गृहीत धरलेले असते. आजच्या व्याख्यानात मी या एका शब्दाची तपासणी करणार आहे. उद्योग बदलताना येणारी बेकारी तात्पुरती असते हे विधान खोटे आहे, असे मला म्हणायचे नाही. ते अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. शहराच्या, राज्याच्या, देशाच्या हिशेबात ते बहुतेक वेळा खरे ठरते. ज्याचे काम गेले त्याच्या हिशेबातही ते खरे ठरावे असे वाटत असेल, तर त्यासाठी कोणाला तरी झटावे लागते, पैसा खर्च करावा लागतो आणि तो वेळेवर खर्च करावा लागतो. हे मांडण्यासाठी मी मुंबईच्या गिरणगावाचा दाखला घेणार आहे. उद्योगबदलाची इतकी मोठी किंमत मराठी कष्टकऱ्याने दुसऱ्या कुठे मोजली असेल असे मला वाटत नाही, आणि त्या किमतीचा हिशेब आपण अजून पुरता मांडलेला नाही.

या विधानाला मोठी परंपरा आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात असा दाखला दिला की, १७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक सैनिक आणि खलाशी एकदम मोकळे झाले, तरी देशात मोठी खळबळ न माजता ते निरनिराळ्या धंद्यांत सामावले गेले. मग व्यापार खुला झाल्याने काही कारागीर उघडे पडले तर तेही असेच सामावले जातील, हा त्याचा निष्कर्ष. हा दाखला पुढे अनेकांनी वापरला; त्याच्या शेजारी स्मिथने घातलेली अट मात्र मागे पडली. धंद्यांच्या संघांचे मक्ते, उमेदवारीचे जाचक कायदे आणि गरिबाला दुसऱ्या गावी स्थायिक होऊ न देणारे निर्बंध आधी उठवा, म्हणजे काम गेलेला माणूस दुसरा धंदा किंवा दुसरे गाव गाठू शकेल, असे तो म्हणत होता. रिकार्डोने १८१७ साली व्यापाराच्या वाटा अचानक बदलल्या की काय होते यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. युद्धातून शांततेकडे जाताना भांडवल एका धंद्यातून दुसऱ्यात हलायला वेळ लागतो आणि त्या वेळात हलाखी येते, हे त्याने मान्य केले; पण ती देशाच्या कायमच्या ऱ्हासाची खूण मानू नये, असे बजावले. चारच वर्षांनी तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि यंत्रांमुळे मजूरवर्गाचे खरेखुरे नुकसान होऊ शकते, याबाबतचे आपले आधीचे मत चुकले होते, अशी कबुली दिली. म्हणजे ज्यांच्या नावावर आपण हे विधान चालवतो, त्यांनी ते बिनशर्त केलेलेच नव्हते.

पहिला भेद इथेच करायला हवा. काम थांबणे वेगळे आणि काम सरकणे वेगळे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. अमेरिकन कापूस बंद झाला आणि मुंबईत सोन्याचा धूर निघाला. त्याच वेळी लँकेशायरच्या गिरण्यांची चाके थांबली. १८६२ च्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. ब्रिटिश संसदेने १८६३ मध्ये कायदा करून तिथल्या नगरपालिकांना रस्ते, गटारे, पाणीपुरवठा यांच्या कामांसाठी कर्जे दिली, म्हणजे विणकरांच्या हाताला काम मिळेल. युद्ध संपले, कापूस आला, गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि तोच कामगार त्याच यंत्रावर परत गेला. ही थांबलेल्या कामाची बेकारी, आणि तिला तात्पुरती म्हणणे रास्त आहे. सरकलेल्या कामाची गोष्ट निराळी. तिथे काम कुठेतरी जन्म घेते, पण वेगळ्या गावात, वेगळ्या मजुरीवर, वेगळ्या हातांसाठी. बाहेरून दोन्ही बेकाऱ्या सारख्याच दिसतात: बंद दार, रिकामे हात, उधारीवर चालणारे घर. म्हणून आपल्यावर आलेली बेकारी कोणती, हे कामगाराला पहिल्या दिवशी कळत नाही. गिरणगावात ते पुष्कळांना वर्षानुवर्षे कळले नाही.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढची सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा पट्टा भोंग्याच्या वेळापत्रकावर जगला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून माणसे आली; गाववाल्यांच्या खोलीत गाळ्याला गाळा लागून राहिली; पाळीपाळीने झोपली आणि मनिऑर्डरीने गावाकडची शेती जगवत राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या त्या कमी माणसांनिशी. काही सुरूच झाल्या नाहीत. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. पण एक लाखाहून अधिक कामगारांना त्यांचे काम परत मिळाले नाही, आणि पुढच्या दोन दशकांत उरलेल्या गिरण्याही एकामागून एक शांत झाल्या.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. हा उद्योगबदल कसला, हा तर एका संपाचा परिणाम. कामगारांनी ताणले आणि तुटले. हा आक्षेप अनेक भल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतो, म्हणून त्याला पुराव्याने उत्तर द्यायला हवे. अहमदाबादकडे पाहा. तिथले मजूर महाजन हे गांधीजींच्या प्रेरणेतून उभे राहिलेले, लवाद आणि समेटावर श्रद्धा असलेले कामगार संघटन. अहमदाबादेत १९८२ सारखा संप झाला नाही. तरीही १९८० आणि ९० च्या दशकांत तिथल्या गिरण्या ओळीने बंद पडल्या आणि तिथला कामगारही रस्त्यावर आला. ज्या गावात संप झाला तिथे जे घडले तेच जिथे झाला नाही तिथेही घडले, तर कारण संपाच्या पलीकडे शोधले पाहिजे. ते कारण धोरणात आहे. १९५६ पासून केंद्र सरकारने हातमागाच्या रक्षणासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या वाढू दिली नाही. गिरणीच्या कापडावरचा कराचा बोजाही जास्त होता. या संरक्षणाचा फायदा हातमागापेक्षा यंत्रमागाने उचलला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे छोट्या छोट्या गाळ्यांत माग वाढत गेले. तिथे पाळी बारा तासांची, हजेरीपट नावापुरता, फंड आणि ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही. मालकांनीही अनेक ठिकाणी गिरणीतला नफा नव्या यंत्रांत न घालता इतर धंद्यांत वळवला. संपाने या सरकण्याला वेग दिला, मालकांना निमित्त दिले, हे मान्यच आहे. पण पाया आधीच खचत होता.

मग काम सरकले कुठे? कापड विणायचे काम भिवंडीला गेले, आणि मुंबईतले नवे काम पुढे बँका, वित्तसंस्था, जाहिरात, दूरचित्रवाणी, संगणकसेवा यांत उभे राहिले. लालबागपासून भिवंडी फार लांब नाही, परंतु तिथली मजुरी आणि कामाची रीत गिरणीतल्या कायम कामगाराला अर्ध्या आयुष्याची कमाई सोडून देण्यासारखी होती. शिवाय तिथे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले तरुण हात आधीच उभे होते. दुसऱ्या दिशेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. योगायोग असा की, १९८२ याच वर्षी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लिलियन यांनी एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. काही उद्योग वेगाने वाढत आणि काही वेगाने आटत असतील, म्हणजे उद्योगाउद्योगांतली तफावत वाढत असेल, तर बेकारीही वाढते. कारण माणसांना एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वेळ लागतो, असे त्यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखवले. चार वर्षांनी कॅथरिन अब्राहम आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी त्याला हरकत घेतली. ती हरकत साधी आणि मार्मिक आहे. माणसे फक्त वाटेत अडकली असतील, तर दुसऱ्या टोकाला रिकाम्या जागा वाढलेल्या दिसायला हव्यात. बेकारही वाढले आणि रिकाम्या जागाही आटल्या, तर त्याला स्थलांतर म्हणता येत नाही. तो कामाचाच दुष्काळ असतो.

ही कसोटी गिरणगावाला लावून पाहा. १९८३-८४ मध्ये लाखभर माणसे मोकळी झाली तेव्हा मुंबईत त्यांच्या जोगत्या लाखभर जागा त्यांची वाट पाहत नव्हत्या. सेवाक्षेत्राची मोठी वाढ १९९१ नंतरची. म्हणजे जुने काम जाणे आणि नवे काम येणे यांत सुमारे दशकाचे अंतर पडले. आणि नवे काम आले तेव्हा त्याच्या दारावरची अट पदवीची, इंग्रजीची आणि पंचविशीतल्या वयाची होती. १९८२ मध्ये पस्तिशीत असलेला साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, तोवर पन्नाशीकडे झुकला होता. दशकाचे अंतर अर्थव्यवस्थेच्या आलेखावर एका छोट्या खळग्याएवढे दिसते; माणसाच्या कमावत्या आयुष्याचा तो तिसरा हिस्सा असतो. माझ्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका तुलनेत आहे. अर्थव्यवस्थेचा काळ मोजायची फूटपट्टी आणि माणसाचा काळ मोजायची फूटपट्टी एकच नाही, आणि “तात्पुरती” हा शब्द नेहमी पहिल्या फूटपट्टीने मोजून दुसऱ्याला लावला जातो.

यामागची यंत्रणा जरा जवळून पाहू. कापडगिरणी म्हणजे चार गोष्टींची जुळणी: भांडवल, यंत्र, जमीन आणि कामगार. उद्योग मोडतो तेव्हा या चारही गोष्टी नव्या ठिकाणी जायला निघतात, पण त्यांचा वेग सारखा नसतो. भांडवल सर्वांत चपळ. ते एका सहीने दुसऱ्या धंद्यात जाते. यंत्र भंगारात जाते किंवा ट्रकमधून यंत्रमागाच्या गावी. जमीन जागची हलत नाही, पण तिचा वापर बदलता येतो, आणि बदलला की तिची किंमत घटण्याऐवजी अनेक पटींनी वाढते. राहिला कामगार. त्याचे कसब पाहा. साच्यावर ताण्याचे हजारो धागे शेजारीशेजारी ताणलेले असतात. त्यातला एक तुटतो. साचेवाला साचा थांबवतो, तुटलेली दोन टोके हजारोंतून नजरेने आणि बोटांनी हुडकतो, जोडधागा लावून कापडात फुगवटा न दिसेल अशी बारीक गाठ मारतो, धागा फणीतून ओढून घेतो आणि साचा पुन्हा चालू करतो. हे सगळे काही क्षणांत. शेकडो साच्यांच्या कल्लोळात आपल्या साच्याचा बिघडलेला आवाज त्याला ओळखू येतो. हे शिकायला वर्षे लागतात, आणि गिरणीच्या दाराबाहेर याला दमडीची किंमत नसते. रखवालदाराच्या खुर्चीवर, भाजीच्या गाडीवर, वडापावच्या ठेल्यावर ती गाठ कोणी मागत नाही. म्हणून काम गेले तेव्हा त्याचा पगार तर गेलाच, पण त्याचे सगळे साठवलेले भांडवलही गेले. बँकेत त्याच्या नावावर काही नव्हते. जे होते ते बोटांत होते.

या नुकसानीवर कायद्याने आणखी एक भर घातली. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे. हेतू कामगाराच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात अनेक मालकांनी परवानगी मागितली नाही आणि गिरणीही चालवली नाही. वीजबिल थकले, वीज तोडली गेली, गिरणी आजारी जाहीर झाली, प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे वर्षानुवर्षे पडून राहिले. कागदावर गिरणी चालू होती आणि कामगार नोकरीत होता. म्हणून नुकसानभरपाई नाही, ग्रॅच्युइटी नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाबरोबर केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीची योजना केली होती: पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. आराखडा शहाणपणाचा होता, पण त्याची अट अशी की गिरणी कायमची बंद झालेली असावी. जी गिरणी धड चालूही नाही आणि धड बंदही नाही, तिच्या कामगाराला या योजनेचे दार उघडेना. आपले काम थांबले आहे की सरकले आहे, हे त्याला सांगण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. गिरणी पुन्हा चालू होईल या आशेवर तो गावी जाऊन वाट पाहत राहिला, आणि त्या वाट पाहण्याला पुढे कोणी आळसही म्हटले. हाती असलेल्या माहितीवरून त्याने केलेला तो रास्त निर्णय होता. माहितीच चुकीची होती.

गिरणीच्या दाराबाहेरचा हिशेब तर कुठल्याच योजनेत आला नाही. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया हा गिरणगावाचा दुसरा कणा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जवळपास पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. पुढच्या दशकांत त्या कारखान्यातून हळूहळू बाहेर पडत गेल्या आणि त्यांची संख्या नगण्य झाली. त्या बेकारीचीही कोणी मोठी नोंद घेतली नाही. गिरणगावातल्या अनेक बायांचे घर मग खाणावळीवर चालले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. गिरणी थांबली तेव्हा जेवणारेच गावी गेले, मागची बिले थकली, आणि जिचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हते तिचेही काम गेले. हीच गोष्ट चहावाल्याची, न्हाव्याची, किराणा दुकानदाराची आणि सातारा-रत्नागिरीतल्या त्या शेताची, ज्याचे बियाणे मनिऑर्डरीतून यायचे. उद्योगातला एक रोजगार हलतो तेव्हा त्याला टेकून उभे असलेले किती रोजगार कोसळतात, हे मोजल्याशिवाय बेकारी तात्पुरती की दीर्घ, हे ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. बदल थांबवला असता तर आपण अजून हातमागावरच असतो. गिरण्यांनीही हातमागवाल्यांचे काम खाल्लेच होते. तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापुरात आणि मुंबईत आले ते त्याच लाटेत. ज्या बदलाने गिरणगाव उभे केले, त्याच प्रकारच्या बदलाने ते मोडले, यात तक्रार कसली? याला माझे उत्तर असे की, तक्रार बदलाबद्दल नाहीच. बदलाने एकूण लाभ होतो हे खरे असेल, तर त्या लाभातून नुकसान भरून काढायला पैसा उरतो हेही खरे असले पाहिजे. प्रश्न उरतो तो वाटणीचा. मुंबईत हा लाभ कुठे जमा झाला, हे शोधायला लांब जावे लागत नाही. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. जमिनीच्या नव्या किमतीतला काही अंश शहराला आणि कामगाराला मिळावा, हा त्यातला विचार. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि बहुतेक जमिनीवर तर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीविरुद्ध दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या. त्या चार गोष्टींपैकी जमिनीला सर्वांत चांगले नवे काम मिळाले. त्या कमाईतून ज्याचे देणे आधी फेडायला हवे होते, तो रांगेत शेवटी राहिला.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. बसून पैसे दिले तर माणूस काम शोधायचे सोडतो, आणि गरीब देशाला हे परवडत नाही. या आक्षेपाला महाराष्ट्रानेच फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. दुष्काळही तात्पुरताच असतो. पाऊस कधीतरी पडतोच. तरी “पाऊस पडेल, तोवर थांबा” असे महाराष्ट्राने शेतमजुराला सांगितले नाही, कारण तोवर तो जगला पाहिजे, हे या राज्याला समजले होते. तीन वर्षांनी मुंबईत उद्योगाचा दुष्काळ पडला तेव्हा मात्र ते तत्त्व शहराच्या वेशीवर थांबले. गावाच्या बेकारीसाठी शहराने कर भरला आणि शहराच्या बेकारीसाठी हमीच नव्हती. उलट जो कामगार गावी परतला, त्याचा भार त्याच दुष्काळी गावाने उचलला. आज कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के भत्ता मिळू शकतो, पण जास्तीत जास्त ९० दिवस. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने द्यायची रक्कम १५ दिवसांच्या वेतनाएवढी. पंधरा दिवसांच्या पगारात चाळिशीतला माणूस कोणता नवा धंदा शिकेल, याचा विचार आपणच करावा. आणि देशातले बहुसंख्य कामगार या दोन्ही तरतुदींच्या बाहेर आहेत.

प्रशिक्षणाबाबत मला भाबडेपणा करायचा नाही. १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला तेव्हा पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक उद्देश होता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीवर गेला. श्रीमंत देशांतही अनुभव संमिश्र आहे. जेकबसन, लॅलाँड आणि सलिव्हन या तिघांनी १९९३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घ नोकरीनंतर काम गमावलेल्यांची मिळकत, पुढे काम मिळाल्यावरही, पाच-सहा वर्षांनंतर एरवी झाली असती त्यापेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमीच राहिली होती. बेकारी संपली आणि नुकसान उरले. म्हणून सगळ्यांना एकच औषध चालणार नाही. तरुणाला शिक्षण आणि शिकत असताना जगण्यापुरता भत्ता. पन्नाशी ओलांडलेल्याला निवृत्तिवेतनापर्यंत पोचवणारा आधार. गाव बदलावे लागेल त्याला घर. आणि सर्वांना पहिल्याच दिवशी स्पष्ट माहिती की हे काम परत येणार आहे की नाही. पुढच्या पिढीचे बरे झाले की, असेही कोणी म्हणेल. काहींचे झाले, आणि त्याचा आनंदच आहे. पण मुलाच्या पगाराने बापाच्या गेलेल्या वर्षांची भरपाई झाली असे मानणे, हा पुन्हा तोच पहिल्या फूटपट्टीचा हिशेब झाला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाने त्या घरांतल्या मधल्या वर्षांचे जे दर्शन घडवले, ते कुठल्या सरासरीत बसत नाही.

श्रोतेहो, हा विषय इतिहासजमा झालेला नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात शेकडो छोटे कारखाने इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे भाग घडवतात. विजेवरच्या गाडीला त्यातले पुष्कळ भाग लागतच नाहीत. चंद्रपुरात २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आणि भोवतालच्या कोळसाखाणी यांवर हजारो घरे उभी आहेत; सौरऊर्जेची नवी कामे त्याच गावात येतील याची कोणी हमी दिलेली नाही. हे बदल व्हावेत, हवेसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी व्हायलाच हवेत. या वेळी आपल्याला ते आधीपासून दिसत आहेत, एवढा फरक आहे. गिरणगावात जी सबब होती ती आता उरलेली नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे, आणि ती अर्थतज्ज्ञांकडे, मंत्र्यांकडे, उद्योजकांकडे आणि वृत्तपत्रांकडेही आहे. ज्या धोरणाच्या कागदावर “तात्पुरती बेकारी” असे शब्द येतील, त्या कागदावर त्यांच्यापुढे तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: किती महिने, कोणाला, आणि तेवढे महिने त्या घराचा खर्च कोणाच्या लाभातून भागणार. हे तीन रकाने कोरे असतील तर तो कागद मंजूर होऊ नये. हा आग्रह अतिरेकी वाटत असेल, तर दोन साले ध्यानात ठेवावीत. संप १९८२ साली सुरू झाला. गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, आणि ज्यांच्या नावाने अर्ज होते त्यांतल्या अनेकांच्या जागी त्या दिवशी त्यांचे वारस उभे होते.